राज्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

अमेरिकेतील घटकराज्याच्या आरोग्य प्रशासनातले प्रमुख वैद्यकीय पद. या पदावर डॉक्टरच नेमला जातो. खात्याचा कारभार मात्र दरवेळी त्याच्याच हाती असतो असे नाही. पदनामही राज्यागणिक बदलते. पेनसिल्व्हेनियात ‘फिजिशियन जनरल’, मिशिगनमध्ये ‘चीफ मेडिकल एक्झिक्युटिव्ह’, अलास्कात ‘चीफ मेडिकल ऑफिसर’. फ्लॉरिडाचा ‘सर्जन जनरल’ आरोग्य खात्याचा प्रमुखच असतो, तर कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये निर्माण केलेले त्याच नावाचे पद मुख्यतः सल्ल्याचे आणि जनजागृतीचे आहे. नावावरून अधिकाराचा अंदाज बांधला तर फसगत होते. त्या त्या राज्याचा कायदाच पाहावा लागतो.

सार्वजनिक आरोग्य हा तेथे मुळात राज्यांचा विषय. मॅसॅच्युसेट्सने १८६९ मध्ये राज्य आरोग्य मंडळ स्थापले आणि डॉ. हेन्री बोडिच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथे १९०३ मध्ये विषमज्वराची मोठी साथ आली. १९०५ मध्ये राज्याने स्वतंत्र आरोग्य खाते उभारून डॉ. सॅम्युएल डिक्सन यांना आयुक्त नेमले. त्याच वर्षी जेकबसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देवीची लस सक्तीची करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. लस नाकारणाऱ्याला झालेला दंड होता ५ डॉलर.

पुढे खात्यांचा व्याप वाढला आणि खातेप्रमुख म्हणून डॉक्टर नसलेले प्रशासकही येऊ लागले. तेव्हा वैद्यकीय निर्णय कोणाच्या जबाबदारीवर घ्यायचे, असा प्रश्न उभा राहिला. मिशिगनच्या कायद्याचे उत्तर सरळ आहे: संचालक डॉक्टर नसेल, तर त्याने मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून डॉक्टर नेमलाच पाहिजे. पेनसिल्व्हेनियाने १९९६ मध्ये कायदा करून फिजिशियन जनरलचे पद रचले. त्याची निवड गव्हर्नर करतो, राज्याचे सिनेट (विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह) तिला संमती देते, आणि तो गव्हर्नर व आरोग्य सचिव या दोघांनाही सल्ला देतो.

सल्ला, साथींवर लक्ष, डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना ही नेहमीची कामे. पण या पदाचे खरे बळ दिसते ते स्थायी आदेशात. डॉक्टर एरवी समोरच्या एका रुग्णाला औषधाची चिठ्ठी लिहून देतो. स्थायी आदेश ही एका डॉक्टरने साऱ्या राज्यासाठी लिहिलेली चिठ्ठी असते. पेनसिल्व्हेनियाच्या तत्कालीन फिजिशियन जनरल डॉ. रेचल लेव्हिन यांनी २०१५ मध्ये नॅलॉक्सोनसाठी असा आदेश काढला. हेरॉइन किंवा तत्सम ओपिऑइडच्या अतिमात्रेने श्वास मंदावत जातो. नॅलॉक्सोन वेळेत मिळाले तर तो पूर्ववत होतो. पण ज्याचा श्वास थांबत चालला आहे, तो स्वतः डॉक्टरकडे जाऊन चिठ्ठी आणू शकत नाही. ते औषध आई, भाऊ किंवा मित्र यांच्याजवळ आधीपासून असावे लागते. आदेशामुळे त्यांना औषधाच्या दुकानातून, स्वतःच्या नावाची वेगळी चिठ्ठी न आणता, ते घेता येऊ लागले. एका सहीने इतके जीव आवाक्यात येण्याचे उदाहरण वैद्यकात विरळाच.

उलट बाजूही आहे. स्थायी आदेशावर सही करणारा डॉक्टर बहुतेक ठिकाणी गव्हर्नरच्या किंवा खातेप्रमुखाच्या मर्जीवर टिकून असतो. कोविड-१९ च्या साथीत रोज लोकांपुढे येऊन बोलणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यांपैकी अनेकांना धमक्या आल्या, कित्येकांनी पद सोडले, आणि अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी आरोग्य यंत्रणेचे आदेश काढण्याचे अधिकार आखडले. म्हणून या पदाला ठरावीक मुदतीचे संरक्षण हवे, ही मागणी रास्त वाटते.

मात्र नुसते पद असून भागत नाही, हे मिशिगनमधल्याच फ्लिंट शहराने दाखवले. तेथे २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजप्रतिबंधक प्रक्रिया न केल्याने जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. मुलांच्या रक्तातील शिसे वाढल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केले ते बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी. डॉ. हॅना-अतिशा राज्याच्या आरोग्य खात्यात नव्हत्या, फ्लिंटच्याच एका रुग्णालयात काम करत होत्या. राज्याच्या यंत्रणेने आधी त्यांचे आकडे नाकारले. वास्तविक तीच माहिती खात्याच्या दप्तरातही होती, आणि फेरतपासणीत ती त्यांच्या आकड्यांशी जुळली.