बकुल की मुकुल?

बाळाच्या नावांच्या याद्यांत ही दोन नावं हटकून शेजारी येतात आणि दोन्हींपुढे ‘फूल’ एवढाच अर्थ लिहून यादी करणारा मोकळा होतो. पण मुकुल म्हणजे कळी, अजून न उमललेली. नृत्यातली मुकुल मुद्रा आठवा, पाचही बोटांची टोकं जुळवलेली. मोगऱ्याची असो की कमळाची, कुठलीही कळी मुकुलच.

बकुल हे मात्र एकाच झाडाचं नाव. आपली बकुळ, कोकणातली ओवळ, कुळाने चिकूची नातलग. फुलं इवलीशी, चांदणीसारखी, सकाळी झाडाखाली सडा पडतो तो वेचायचा. मधल्या भोकातून दोरा सहज जातो आणि सुकल्यावरही वास टिकतो. सुंदरीने तोंडातल्या मद्याचा शिडकावा केला की बकुळ फुलते, असा संस्कृत कवींचा लाडका संकेत. मेघदूतातल्या यक्षाच्या अंगणातही ती आहे, तिथे तिचं नाव केसर. दक्षिणेत वैष्णव संत नम्माळवार बकुळीच्या माळेवरून वकुलाभरण म्हणवले जातात, तर तिरुपतीच्या कथेत श्रीनिवासाला सांभाळणारी आई वकुळादेवी. म्हणजे हे नाव तिकडे संतालाही चाललं आणि देवाच्या आईलाही.

अलीकडचं पाहा. मराठी नाट्यसंगीतात बकुल पंडित या गायिका. गुजरातीत बकुल त्रिपाठी हे विनोदी लेखक. बंगालमध्ये बकुल ऐकलं की बहुधा मुलगीच डोळ्यांपुढे येते. शेवटी ‘आ’ लागला म्हणजे बाईचं नाव, हा हिशेबही इथे कोलमडतो. आपल्याकडे बकुळा म्हणजे जुन्या पिढीतली आजी, पण लेहच्या विमानतळाला ज्यांचं नाव दिलंय ते कुशोक बकुला रिंपोछे लामा होते. तिथला बकुला हा बुद्धाच्या एका शिष्याच्या नावावरून आलेला.

मुकुलच्या बाबतीत एवढा गोंधळ नाही. काश्मीरचा अलंकारशास्त्री मुकुलभट्ट, कुमार गंधर्वांचे चिरंजीव मुकुल शिवपुत्र, सगळे पुरुष. यादीत ‘मुलगा/मुलगी’ छापलेलं असलं तरी मुलीसाठी मुकुलिका हे वेगळं रूप आहेच.

दोघांसाठी चालेल असं नाव हवं असेल तर माझं मत बकुलला. फक्त दाखल्यावर ‘ल’ की ‘ळ’ हे आधी ठरवा. माझ्या कानाला ‘बकुळ’ लगेच मुलीचं वाटतं.