मेटिंगआधी कुत्र्याची डीएनए टेस्ट: लॅब निवडताना बघायचं काय

नाशिकला माझ्या एका मित्राकडे तीन वर्षांची लॅब्रॅडॉर मादी आहे, तिचं पहिलं मेटिंग ठरत होतं आणि नराच्या मालकाने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. एकच पान, वर रंगीत लोगो, खाली कुत्र्याचं घरातलं लाडाचं नाव आणि त्यापुढे "पीआरए क्लिअर", म्हणजे कुत्र्याला आंधळं करणाऱ्या पीआरए या आनुवंशिक आजाराचा दोष नाही. बस. मित्राने मला ती फॉरवर्ड केली आणि विचारलं, रिपोर्ट चांगला आहे ना, मग करून टाकू ना मेटिंग? मी ते पान तीनदा वाचलं. कुठला जीन तपासला ते लिहिलेलं नाही, मायक्रोचिपचा (कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) नंबर नाही, सॅम्पल कोणी घेतलं ते नाही. म्हणजे हा रिपोर्ट त्याच कुत्र्याचा आहे हेसुद्धा सांगता येत नव्हतं, तो क्लिअर आहे की नाही ही तर पुढची गोष्ट.

(लॅब्रॅडॉरला पण आपण लॅबच म्हणतो, पण इथे लॅब म्हणजे टेस्ट करणारी लॅब, कुत्र्याला मी पूर्ण नावाने लॅब्रॅडॉरच म्हणतो.)

आता लॅब कुठली चांगली हे विचारण्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारायची, ती म्हणजे मला माझ्या ब्रीडमध्ये नेमके कुठले आजार टाळायचेत. लॅब्रॅडॉरपुरतं बोलायचं तर माझ्या मते पहिला नंबर ईआयसीचा, म्हणजे एक्सरसाइज इंड्यूस्ड कोलॅप्स, जोराच्या व्यायामाने कोसळण्याचा आजार. कुत्रा एरवी एकदम ठणठणीत असतो, पण जोरात पळापळी झाली, बॉल आणायचा खेळ दहा-पंधरा मिनिटं चालला की मागचे पाय लटपटायला लागतात, मग तो मागचा भाग ओढत चालतो आणि कोसळतो. बहुतेक कुत्रे अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उभे राहतात, पण काही तिथेच दगावतात. हवा गरम असेल आणि कुत्रा खूप एक्साइट झाला असेल तर धोका जास्त, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काय उकाडा असतो ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे असं झालं की लोक म्हणतात ऊन लागलं, आणि कधी कधी खरंच ऊन लागलेलं असतं, म्हणून तर हा आजार ओळखू येत नाही.

याचं कारण २००८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या टीमने शोधलं. डीएनएम१ नावाचा जीन आहे, तो डायनॅमिन नावाचं प्रोटीन बनवतो. विहिरीवरचा रहाट डोळ्यासमोर आणा, भरलेले पोहरे वर येऊन रिकामे होतात आणि रिकामे पोहरे परत खाली गेले तरच पाणी येत राहतं. नसेच्या टोकाला पण असंच असतं, स्नायूला निरोप देणारं केमिकल छोट्या पिशव्यांमधून बाहेर टाकलं जातं आणि त्या पिशव्या परत आत ओढून घ्यायचं काम डायनॅमिन करतं. ईआयसीच्या कुत्र्यात हे प्रोटीन थोडं बिघडलेलं असतं, साध्या चालण्याफिरण्यात ते निभावून नेतं, पण नस सतत आणि जोरात काम करायला लागली आणि अंग तापलं की रहाट अडकतो.

कुत्र्याला प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. दोन्ही बिघडलेल्या असतील तर तो अफेक्टेड, एकच बिघडलेली असेल तर कॅरियर, दोन्ही चांगल्या असतील तर क्लिअर, आणि कॅरियरला स्वतःला काहीही त्रास होत नाही. म्हणूनच गडबड होते, कारण नर आणि मादी दोघंही धडधाकट दिसतात, पण दोघं कॅरियर असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. याउलट कॅरियर आणि क्लिअर यांची जोडी लावली तर एकही पिल्लू अफेक्टेड निघत नाही, साधारण निम्मी कॅरियर आणि निम्मी क्लिअर. मला हे कळकळीने सांगायचंय कारण कॅरियर रिपोर्ट आला की लोक लगेच त्या कुत्र्याला ब्रीडिंगमधून काढून टाकतात. नका काढू. कुत्रा स्वभावाने चांगला आहे, हाडापेराने मजबूत आहे, तर त्याला क्लिअर जोडीदार शोधा. सगळे कॅरियर बाद केले तर उरलेल्या मोजक्या कुत्र्यांमध्येच मेटिंग होत राहतं आणि मग दुसराच एखादा लपलेला आजार वर येतो.

आता त्या "पीआरए क्लिअर"कडे येऊ. पीआरए म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणं, आधी अंधारात दिसेनासं होतं आणि शेवटी कुत्रा आंधळा होतो. पण पीआरए हा एक आजार नाहीच, ते एका घराण्याचं आडनाव समजा, वेगवेगळ्या जीनमधल्या बिघाडाने होणारे अनेक आजार त्यात येतात. लॅब्रॅडॉरमध्ये प्रामुख्याने दिसतो तो पीआरसीडी प्रकार, त्याचा जीन २००६ साली सापडला, आणि यातली मला अजूनही थक्क करणारी गोष्ट ही की डीएनएमधलं जे एक अक्षर या कुत्र्यांमध्ये बदललेलं होतं, तंतोतंत तोच बदल त्याच अभ्यासात बांगलादेशातल्या एका माणसात सापडला आणि त्यालाही डोळ्याच्या पडद्याचा तसाच आजार होता. हा आजार लॅब्रॅडॉरमध्ये बऱ्याचदा वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षानंतर लक्षात येतो, तोवर त्या कुत्र्याची दोन-तीनदा पिल्लं होऊन ती घरोघरी गेलेली असतात. इथे डीएनए टेस्टचा खरा उपयोग, कारण ती पिल्लू असतानाच सांगते.

पण गोल्डन रिट्रीव्हरचं बघा. त्यांच्यात पीआरसीडी तर आहेच, शिवाय जीआर-पीआरए१ आणि जीआर-पीआरए२ असे आणखी दोन वेगळे प्रकार आहेत, वेगळ्या जीनमुळे होणारे. एखाद्या लॅबने फक्त पीआरसीडी तपासून "पीआरए क्लिअर" लिहिलं तर तो गोल्डन बाकीच्या दोन प्रकारांनी आंधळा होऊ शकतो आणि रिपोर्ट तरीही खोटा नसतो, अर्धवट असतो. म्हणून लॅबला पहिला प्रश्न हा विचारा की कुठल्या जीनमधला कुठला बदल तपासता आणि तो माझ्या ब्रीडमध्ये सिद्ध झालेला आहे का. चांगली लॅब हे रिपोर्टवर स्वतःहून छापते. जी लॅब याला उत्तर देत नाही किंवा "आमच्याकडे सगळं कव्हर होतं" म्हणते तिथे मी पैसे भरणार नाही.

आणि आकड्यांना भुलू नका. एम्बार्क, विस्डम पॅनेल यासारख्या मोठ्या कंपन्या एकाच टेस्टमध्ये दोनशेच्या वर आजार तपासतात. त्यात वाईट काही नाही, उलट तुमचा कुत्रा आतून किती इनब्रेड (जवळच्या नात्यातल्या मेटिंगमधून आलेला) आहे हे पण त्यातून कळतं, आणि मेटिंग ठरवताना ते फार उपयोगाचं असतं कारण आपल्याकडच्या पेडिग्रीच्या, म्हणजे वंशावळीच्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. पण त्या दोनशेमधले लॅब्रॅडॉरच्या कामाचे मोजकेच, ईआयसी, पीआरसीडी, सीएनएम हा स्नायूंचा आजार, एचएनपीके म्हणजे नाक कोरडं पडून तडकतं तो, अजून थोडे. बाकीचे दुसऱ्या ब्रीडचे. कोली ब्रीडचा कुत्रा असेल तर एमडीआर१ हा जीन बघणं अगदी गरजेचं, कारण त्या बिघाडात खरजेसाठी आपल्याकडे सर्रास देतात ते आयव्हरमेक्टिन मोठ्या डोसमध्ये मेंदूत शिरतं आणि कुत्रा कोमात जाऊ शकतो. लॅब्रॅडॉरला त्याचा फारसा उपयोग नाही. आणि आपल्या कारवानी किंवा मुधोळ या देशी कुत्र्यांना दोनशे ठिकाणी क्लिअर आलं तरी त्यातून फार काही कळत नाही, कारण ते बदल बहुतेक करून परदेशी ब्रीड्समध्ये शोधलेले आहेत, कारवानीचे स्वतःचे आजार कुठले याचा तसा शोधच झालेला नाही.

रिपोर्ट चुकीचा वाचला तर काय होतं त्याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. २०१८ साली नेचर या मासिकात अमेरिकेतल्या काही तज्ज्ञांनी पेट्युनिया नावाच्या एका म्हाताऱ्या पगची हकीकत लिहिली. तिला चालता येईना, लघवीवर ताबा राहिना, मालकांनी घरबसल्या डीएनए टेस्ट मागवली, त्यात पाठीच्या कण्याच्या एका जीवघेण्या आजाराशी जोडलेला बदल सापडला आणि त्यांनी तिला कायमचं झोपवलं. पण तो बदल असलेल्या प्रत्येक कुत्र्याला तो आजार होतोच असं नाही, पगमध्ये तर क्वचितच, आणि तिला कदाचित उपचार होण्यासारखा मणक्याचा त्रास असू शकला असता. म्हणून लॅबकडे फोनवर किंवा मेलवर रिपोर्ट समजावून सांगणारा जेनेटिक्सचा माणूस आहे का, हे मी टेस्टच्या किमतीच्या आधी बघतो.

लॅबची तांत्रिक बाजू कशी तपासायची तर आयएसओ १७०२५ (टेस्टिंग लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता आहे का ते विचारा, आणि आयसॅग ही प्राण्यांच्या जेनेटिक्सची आंतरराष्ट्रीय संस्था वेगवेगळ्या लॅब्सना एकसारखीच सॅम्पल्स पाठवून निकाल ताडून बघते, त्यात भाग घेतात का ते विचारा. इंटरनॅशनल पार्टनरशिप फॉर डॉग्ज या संस्थेचा एक मोफत डेटाबेस आहे, ब्रीडचं नाव टाकलं की कुठल्या टेस्ट लागू आहेत आणि कुठल्या लॅब करतात ते दिसतं, सुरुवात तिथून केलेली बरी. माहिती लॅब्सनीच दिलेली असते, त्यामुळे तिथे नाव आहे म्हणजे शिक्का मिळाला असं मात्र समजू नका.

रिपोर्ट आणि डेटा स्वतःकडे डाउनलोड करून ठेवा, हे पण महत्त्वाचं. इंग्लंडमधली ॲनिमल हेल्थ ट्रस्ट, कुत्र्यांच्या आनुवंशिक आजारांवर इतकं मोठं काम केलेली संस्था, २०२० साली बंद पडली. तिथली जेनेटिक्सची टीम पुढे केंब्रिज विद्यापीठात गेली, पण सांगायचं एवढंच की लॅब कायम राहील हे धरून चालू नका.

टेस्ट मादी हीटवर (माजावर) येण्याच्या बऱ्याच आधी करा. हीट जेमतेम तीन आठवडे आणि रिपोर्ट यायला पण तेवढेच लागू शकतात, मग घाईत कोणीही "पाठवलंय, क्लिअरच येईल" म्हणतो आणि मेटिंग होऊन जातं. आयुष्यात एकदा टेस्ट केली की पुरे, जीन काही बदलत नाहीत. सॅम्पल शक्यतो डॉक्टरांकडून, त्यांनी आधी चिप स्कॅन करून पंधरा आकडी नंबर फॉर्मवर लिहावा आणि मगच गालाच्या आतून स्वॅब किंवा जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यावं. पावसाळ्यात स्वॅब नीट सुकवल्याशिवाय पाकिटात घालू नका, बुरशी धरते.

आणि हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा सैल असणं, लॅब्रॅडॉरला सगळ्यात छळणारा त्रास, त्याची एका जीनची अशी टेस्टच नाही, कारण त्यात खूप जीन्स, वजन, खाणं सगळं येतं. त्याला एक्सरेच. डीएनए रिपोर्ट कितीही हिरवा असला तरी हिपचा एक्सरे मागायचाच.

मित्राने नराच्या मालकाला हे सगळं नीट समजावलं, माणूस भला निघाला, चिडला नाही. दोन्ही कुत्र्यांचं रक्त एकाच डॉक्टरांनी घेतलं आणि दुसऱ्या लॅबला पाठवलं. नर पीआरसीडीला क्लिअर आला पण ईआयसीला कॅरियर, जे त्या एका पानावर कुठेच नव्हतं. मादी दोन्हीला क्लिअर. हिपचे एक्सरे ठीक आले, मेटिंग झालं, सात पिल्लं झाली. आता ती साडेपाच आठवड्यांची आहेत आणि कुठलं पिल्लू कॅरियर आहे ते घेणाऱ्याला लेखी द्यायचं असं दोघांनी ठरवलंय. रविवारी आम्ही स्वॅब घ्यायला बसणार आहोत, त्याआधी तासभर पिल्लं आईपासून वेगळी ठेव असं मित्राला सांगून ठेवलंय, नाहीतर तोंडात दुधाबरोबर आईच्या पेशी राहतात आणि पिल्लाच्या ऐवजी तिचाच डीएनए वाचला जायचा.