‘मायरा’ संस्कृत नव्हे

दादर-गिरगावातल्या बारशांत हमखास कानावर पडतं: ‘मायरा म्हणजे संस्कृतात प्रिय.’ संस्कृतात या अर्थाचा असा शब्दच नाही. हे नाव इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) यांच्या कवितांतून रुजलं. ‘कियारा’ हे नावही बाहेरचं: इटालियन, मूळ लॅटिन ‘क्लारा’, म्हणजे उजळ.

नाव संस्कृत आहे का हे तपासायचं तर आधी धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, शोधा. समीर: सम् अधिक ईर्, म्हणजे हलणे, म्हणून वारा. ‘मायरा’ला असा धातू लागत नाही, मग नावांची अ‍ॅप्स ते नाव ओढूनताणून ‘माया’ला चिकटवतात. नुसत्या उच्चारावर जाऊ नये. अरबीतही ‘समीर’ आहे, पण अर्थ रात्रीच्या गप्पांचा सोबती. शब्द दोन, साम्य योगायोगाचं. (मुंबईत दोन्ही समीर एकाच वर्गात सापडतील!)