रोजचा एक डॉलर आणि 'सुधारलेलं' जग

जग गेल्या काही दशकांत सुधारलं का, या वादात बालमृत्यूच्या आकड्यांशी सहसा कुणी भांडत नाही. १९९० साली पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं दगावली होती, २०२२ साली ४९ लाख. लसी, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, शिकलेल्या आया. कारणंही सर्वांना मान्य आहेत. भांडण जुंपतं ते गरिबीवरून, आणि त्याचं मूळ एका डॉलरात आहे.

१९९० च्या आधी सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. पण गरिबी मोजायला जगाची मिळून एक पट्टी नव्हती. ज्या त्या देशाची आपली दारिद्र्यरेषा. १९९० साली एका जागतिक वित्तसंस्थेने सर्वांत गरीब देशांच्या रेषा शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच दिवसाला एका डॉलरच्या आसपास निघाल्या. आकडा तोंडात बसणारा होता, म्हणून रुळला.

हा डॉलर मात्र बँकेत बदलून मिळणारा नव्हे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढं सामान येतं, तेवढ्यालाच दुसऱ्या देशात काय मोजावं लागतं, यावरून तो ठरतो. विनिमय दराने गुणून 'एवढ्यात तर भागतं की' म्हणणारे इथेच फसतात. गरीब देशांत वस्तू स्वस्त असल्याने खरी रेषा त्या गुणाकाराच्या बरीच खाली असते. शिवाय घराचा खर्च या रेषेशी ताडताना शेतातून थेट कणगीत गेलेल्या धान्याचीही किंमत धरतात.

हे सगळं देशोदेशींच्या किमतींच्या पाहणीवर उभं आहे, आणि पाहणी बदलली की गरीबही बदलतात. २००५ च्या पाहणीत चीन पहिल्यांदाच सामील झाला आणि तिथल्या किमती आधीच्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. २००८ साली रेषा १.२५ डॉलरवर नेऊन नवा हिशेब मांडला, तर शंभर कोटींच्या आत असलेले गरीब १४० कोटींवर गेले. कुणाच्या ताटातला घास कमी झाला नव्हता. पुढे २०१५ मध्ये १.९० डॉलर, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. या शेवटच्या बदलाने जगात साडेबारा कोटी गरीब वाढले, तेही कागदावर. उताराची दिशा दर वेळी तीच राहिली, हे टीकाकारांनीही मान्य करायला हवं.

मला जास्त खटकतं ते उद्दिष्टाचं. १९९६ साली रोममध्ये देशांनी २०१५ पर्यंत भुकेल्यांची *संख्या* निम्मी करण्याचं कबूल केलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या जाहीरनाम्यात गरीब आणि भुकेल्यांचं *प्रमाण* निम्मं करायचं ठरलं. लोकसंख्या वाढती असल्यामुळे एवढ्या शब्दानेच काम हलकं झालं. नंतर सुरुवातीचं वर्ष १९९० धरलं गेलं, म्हणजे शपथ घेण्याआधीच चीनने साधलेली मोठी घट आयती खात्यात जमा झाली. गरिबीचं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच, २०१० साली, गाठल्याचं जाहीर झालं.

मोजणीचा आणखी एक धागा घरोघरच्या पाहणीत आहे. गेल्या तीस दिवसांत तेल किती लागलं, असं विचारलं तर माणूस अंदाजाने सांगतो, आणि सहसा कमीच. सात दिवसांचं विचारलं तर परवा आणलेली पिशवीही आठवते, म्हणजे खर्च जास्त नोंदला जातो आणि गरीब कमी दिसतात. भारतात २०२२-२३ च्या पाहणीत काही खाद्यवस्तूंसाठी हीच पद्धत आली, आणि ३ डॉलरच्या रेषेखालचं प्रमाण ५.३ टक्के निघालं. २०११-१२ साली ते २७.१ टक्के होतं. त्यातली खरी घट किती आणि प्रश्न बदलल्याची किती, यावर अजून वाद आहे.

२०२० साली महासाथीने दोनेक दशकांत पहिल्यांदा जागतिक गरिबी वर ढकलली. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला तर चित्र आधीपासूनच दुहेरी होतं: १९९० नंतरच्या तीन दशकांत गरिबांचं प्रमाण घटलं, पण डोकी मोजली तर गरीब वाढले.