ईमेल यादीची साफसफाई

जाहिरातीचे किंवा वार्तापत्राचे मेल ज्यांना जातात, त्या यादीतून बंद पडलेले, चुकीचे आणि प्रतिसाद न देणारे पत्ते वेळोवेळी वगळण्याचे काम. जीमेल, याहूसारख्या सेवा पाठवणाऱ्याच्या डोमेनची (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाची) पत जोखतात. ती घसरली की नियमित वाचणाऱ्यांचे मेलही स्पॅममध्ये जाऊ लागतात.

परत आलेल्या मेलसोबतचा कोड आधी वाचावा. ‘५५० ५.१.१’ म्हणजे असे खातेच नाही. पत्ता पहिल्याच वेळी वगळावा. ‘४५२ ४.२.२’ म्हणजे मेलबॉक्स भरलेला. हा अडथळा तात्पुरता असू शकतो, पण सलग काही मोहिमांत तेच घडले तर पत्ता सोडून द्यावा. ‘५५० ५.७.१’ मात्र बहुधा मेल धोरणामुळे नाकारल्याचे सांगतो. तिथे दोष पाठवणाऱ्याकडे असू शकतो, आणि ‘५ने सुरू होणारे सगळे काढा’ असा सरसकट नियम लावणारे चांगले ग्राहक हकनाक गमावतात.

वगळलेला पत्ता नुसता पुसू नये, सप्रेशन लिस्टमध्ये, म्हणजे ‘यांना कधीच पाठवू नये’ अशा यादीत, टाकावा. नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी जुनी एक्सेल फाईल चढवते आणि तो परत येतो.

खरी डोकेदुखी गप्प पत्त्यांची: मेल पोचतो, पण प्रतिसाद येत नाही, आणि कंटाळलेला माणूस तो स्पॅम म्हणून नोंदवू शकतो. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल खात्यांना दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी) आणि एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय बंधनकारक आहे. स्पॅम तक्रारी ०.१ टक्क्याखाली ठेवाव्यात, ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ देऊ नयेत, असे गूगल सांगते. म्हणजे इनबॉक्समध्ये पडलेल्या ५,००० मेलमागे १५ तक्रारी झाल्या तरी धोका. तक्रार कुणी केली हे याहूच्या फीडबॅक लूपमधून (तक्रारी पाठवणाऱ्याला कळवणाऱ्या सोयीतून) कळते, जीमेल सांगत नाही. त्यामुळे तिथे अंदाजानेच छाटणी करावी लागते. ‘ओपन’च्या (मेल उघडल्याच्या) आकड्यावर विसंबू नये: तो मेलमधले चित्र उतरल्यावरून मोजतात, आणि २०२१पासून ॲपल मेलची गोपनीयता सोय चित्रे आपोआप उतरवून घेते आणि न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. क्लिक, उत्तर, खरेदी पाहावी. दर आठवड्याला पाठवणाऱ्याने सहा महिने हालचाल नसलेल्यांना ‘मेल सुरू ठेवू का?’ असे एक-दोनदा विचारावे, मग थांबावे.

‘जीमियल डॉट कॉम’सारख्या चुका नोंदणीच्या वेळीच खात्रीची लिंक पाठवून रोखता येतात. पत्ते तपासून देणाऱ्या सेवा खाते आहे का एवढेच पाहतात. त्यातही कोणत्याही नावाला हो म्हणणाऱ्या कॅच-ऑल डोमेनपुढे त्यांचे काही चालत नाही. विकत घेतलेली यादी त्यांतून कितीही गाळली तरी संमती कुणाचीच नसते.