मोनॅकोत न निघालेला नट

२३ मे २०२१. मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत मर्सिडीजचा चालक वाल्टेरी बोटास दुसरा होता. तिसाव्या फेरीत तो टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या रस्त्यालगतच्या थांब्यावर, शिरला. तीन चाकं झटक्यात बदलली गेली, पुढचं उजवं मात्र जागचं हलेना. मेकॅनिकने चाकाचा नट सोडवायची गन काढून पुन्हा लावली, पुन्हा फिरवली. गाडीत बाकी काहीही बिघाड नव्हता, पण बोटासची शर्यत तिथेच संपली. ते चाक मोनॅकोत निघालंच नाही. गाडी चाकासकट इंग्लंडला, मर्सिडीजच्या ब्रॅकलीच्या कारखान्यात न्यावी लागली.

लाखो लोकांनी ते पाहिलं आणि बहुतेकांनी नशिबाला बोल लावला. मला ती धातूची गोष्ट वाटते, आणि त्या दिवसाचा जवळजवळ सगळा निकाल अशाच गोष्टींनी लावला.

आपल्या मोटारीच्या चाकाला चार-पाच नट असतात, फॉर्म्युला वनच्या गाडीला मधोमध एकच. प्रत्येक चाकापाशी तिघं उभे असतात: एक गन चालवतो, दुसरा जुनं चाक ओढतो, तिसरा नवं बसवतो. २०१० पासून शर्यतीत इंधन भरायला बंदी आहे, त्यामुळे पिटमधला वेळ म्हणजे मुख्यतः टायर बदलण्याचा वेळ. ब्राझीलमध्ये २०१९ साली रेड बुलने हे काम १.८२ सेकंदांत केलं होतं. इतक्या घाईत दाबाखालच्या वायूवर चालणारी गन नटावर नेमकी सरळ बसायला हवी.

बोटासच्या वेळी ती किंचित तिरकी बसली. गनचं तोंड आणि नट यांचे पैलू एकमेकांत पूर्ण शिरले, तर फिरवण्याचा सगळा जोर मोठ्या क्षेत्रफळावर वाटला जातो. ते अर्धवट शिरले की तोच जोर एका बारीक कडेवर येतो. टेकणारा भाग एक चतुर्थांश उरला, तर तिथला ताण चौपट होतो. धातूची सहन करण्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की तो परत मूळ आकारात येत नाही, कड सोलून निघते. कड सोलली की पकड आणखी कमी, म्हणून उरलेल्या भागावर ताण आणखी जास्त. गॅरेजमध्ये चुकीच्या मापाच्या पान्याने नट गोल होतो, तोच हा प्रकार, फक्त गनच्या प्रचंड वेगामुळे क्षणार्धात उरकलेला. मेकॅनिक जितका नेटाने प्रयत्न करतो, तितका नट जास्त गुळगुळीत होत जातो. म्हणून त्या माणसाला दोष देणं मला पटत नाही.

खरं तर त्या दिवशीचा पहिला बिघाड शर्यत सुरू होण्याआधीच झाला होता. सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या शनिवारच्या सत्रात फेरारीच्या शार्ल लेक्लेरने सर्वात वेगवान फेरी मारून पहिली जागा मिळवली, आणि त्याच सत्रात शेवटी गाडी कठड्यावर आपटली. फेरारीने गिअरबॉक्स तपासला. तो बदलला असता तर नियमानुसार शिक्षा म्हणून पाच जागा मागून सुरुवात करावी लागली असती; तो ठीक दिसला म्हणून तोच ठेवला. रविवारी गाडी सुरुवातीच्या रेषेकडे निघाली आणि डाव्या बाजूच्या ड्राइव्हशाफ्टच्या हबने दगा दिला. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत पोचते ती या हबमधून. आदल्या दिवशीचा मार मुख्यतः उजव्या बाजूला बसला होता, म्हणून डावीकडच्या या भागाकडे लक्ष गेलं नाही. पण धडकेचा जोर आपटलेल्या जागी थांबत नाही. तो जोडलेल्या भागांमधून प्रवास करतो आणि वरून धडधाकट दिसणारा भागही कमकुवत करून ठेवतो. पहिली जागा रिकामीच राहिली. दुसऱ्या जागेवरून निघालेल्या मॅक्स व्हर्स्टापेनपुढे आता कोणीच नव्हतं.

मोनॅकोत ही गोष्ट निर्णायक ठरते. ३.३३७ किलोमीटरचा हा रस्ता इतका अरुंद आहे की सुमारे दोन मीटर रुंदीच्या गाडीला पुढच्या गाडीच्या बाजूने काढायला जागाच सापडत नाही. ७८ फेऱ्यांत पुढे जायचं तर पिटच्या आधाराने. आणि मला सगळ्यात रंजक वाटतो तो टायरचा भाग इथेच येतो.

एरवी प्रतिस्पर्ध्याच्या आधी पिटमध्ये जाणं फायद्याचं असतं. नव्या टायरवर लगेच वेग मिळतो. लुईस हॅमिल्टन पुढच्या पिएर गॅस्लीला मागे टाकण्यासाठी एकोणतिसाव्या फेरीत असाच लवकर आला. पण मोनॅकोत वेग कमी, लांब वेगवान वळणं नाहीत, आणि नवे टायर कडक मिश्रणाचे होते. रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर दबतं, सुटतं, त्यात ऊर्जा खर्च होते, आणि पकडीचा मोठा भाग यातूनच येतो. थंड रबर ताठ असतं, खाचाखळग्यांत नीट शिरत नाही. गरम करणाऱ्या आच्छादनातून काढलेला टायरसुद्धा इथे पुरेसा तापून राहत नाही. त्यामुळे नव्या टायरवरचा हॅमिल्टन चाचपडत होता, आणि जुन्या, मऊ, पण तापलेल्या टायरवरचे गडी वेगात होते.

गॅस्ली पुढच्याच फेरीत पिटला जाऊन आला, तरी हॅमिल्टनच्या पुढेच राहिला. त्यानंतर सेबास्टियन व्हेटेल आला. पिटमधून निघताना तो आणि गॅस्ली चढावर खांद्याला खांदा लावून गेले, आणि व्हेटेल पुढे राहिला. सर्जिओ पेरेझ पस्तिसाव्या फेरीपर्यंत थांबला, मोकळ्या रस्त्यावर सलग वेगवान फेऱ्या मारल्या आणि पिटमधून थेट चौथ्या जागी बाहेर पडला. त्याची सुरुवात नवव्या जागेवरून झाली होती. हॅमिल्टन सातवा आला. व्हर्स्टापेन सुमारे ९ सेकंदांनी जिंकला, कार्लोस साइंझ दुसरा, लँडो नॉरिस तिसरा. विश्वविजेतेपदाच्या गुणतक्त्यात व्हर्स्टापेन त्या दिवशी पहिल्यांदाच अव्वल आला.

त्याच वर्षी नियामक संस्थेने पिटमधल्या घाईला लगाम घातला. नट घट्ट बसल्याचा संकेत, जॅक खाली घेणं आणि चालकाला हिरवा दिवा, यांच्यामध्ये माणसाला प्रतिक्रिया द्यायला लागेल इतका, सेकंदाचा एखाद-दोन दशांश तरी, वेळ असलाच पाहिजे असं ठरलं. काही संघांना हे आवडलं नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. न निघालेल्या चाकाने बोटासची शर्यत गेली. नीट न बसलेलं चाक वेगात सुटलं तर शेजारी उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो.