युद्धे लढलेल्यांचे निवृत्तिवेतन : ‘वन रँक, वन पेन्शन’ची पार्श्वभूमी

२८ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत १९६५च्या युद्धाचा सुवर्णमहोत्सव सुरू झाला. हाजीपीर खिंड आपल्या सैन्याने सर केली तो हा दिवस. पुढे राजपथावर मोठे प्रदर्शन भरले. त्याच दिवसांत जंतरमंतरवर मात्र पासष्टचे आणि एकाहत्तरचे युद्ध लढलेले वृद्ध सैनिक छातीवर पदके लावून मांडवात बसले होते. ‘वन रँक, वन पेन्शन’साठी, म्हणजे हुद्दा आणि सेवा सारखी असेल तर पेन्शनही सारखे मिळावे यासाठी, हे धरणे १५ जूनपासून चालू होते, काहींनी बेमुदत उपोषण धरले होते. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांना तिथून हुसकावण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर सुवर्णमहोत्सवाच्या सरकारी कार्यक्रमांना जायचे नाही, असे त्यांच्या संघटनांनी ठरवले. ज्यांच्या शौर्याचा सोहळा, तेच सोहळ्याबाहेर राहिले. हे का झाले, ते समजायला १९७३ पर्यंत मागे जावे लागते.

त्याहून मागचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी सैनिक लढले. युद्ध संपताच त्यातल्या बहुतेकांना कमी केले गेले आणि सेवेची वर्षे पुरेशी न भरल्याने ते निवृत्तिवेतनाविनाच गावी परतले. महाराष्ट्रासह काही राज्यांनी त्यांना आणि त्यांच्या विधवांना पुढे मासिक अनुदान सुरू केले, पण तोवर त्यातले कितीतरी जण गेले होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि तरीही पुढच्या प्रत्येक पिढीतून तिथली मुले पलटणीत जात राहिली.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले. त्याआधी पाचच दिवस जमालपूर पडले होते आणि तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची जंगी पलटण लढली होती. या विजयाला दीड वर्षही झाले नव्हते, तोच तिसऱ्या वेतन आयोगाचा अहवाल आला. सैन्याचा पगार आणि निवृत्तिवेतन तोवर वेगळ्या समित्या ठरवत. या आयोगाने प्रथमच सैनिक आणि मुलकी कर्मचारी यांचा विचार एकत्र केला. त्याआधी जवानाला शेवटच्या पगाराच्या सुमारे ७० टक्के निवृत्तिवेतन मिळे आणि मुलकी कर्मचाऱ्याला ३० ते ३३ टक्के, असे माजी सैनिकांच्या संघटना मांडत आल्या आहेत. नव्या व्यवस्थेत दोघेही ५० टक्क्यांवर आले. एकाचे वाढले, दुसऱ्याचे घटले.

कागदावर यात समानता दिसते. पण पूर्ण ५० टक्क्यांसाठी ३३ वर्षांची सेवा लागे, आणि जवान पंधरा-सतरा वर्षांत, वयाच्या पस्तिशी-चाळिशीतच घरी पाठवला जाई. सैन्य तरुण राहावे म्हणून तसा नियमच होता. मुले शाळेत, बहिणीचे लग्न व्हायचे, जमीन दोन-तीन एकर कोरडवाहू, अशा वयात पगार थांबायचा. त्याच वयाचा मुलकी कारकून पुढे वीस वर्षे पगार आणि बढत्या घेत राहायचा. सेवेत काही वर्षे जादा धरण्याची सवलत नंतर मिळाली, तरी तूट भरून निघाली नाही. एकाहत्तरच्या कितीतरी जवानांची तर काही वर्षे पलटणीत आणि उरलेली राखीव दलात गेली. त्यांचे निवृत्तिवेतन त्याहून कमी. युद्ध जिंकून आलेल्या माणसांच्या बाबतीत, तेही विजय ताजा असताना, हा निर्णय घेतला गेला ही गोष्ट माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुखरी आहे. वरच्या पायरीवरही फार वेगळे नव्हते. एकाहत्तरमध्ये सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या फील्ड मार्शल माणेकशांना त्यांच्या पदाची थकबाकी मिळाली ती २००७ मध्ये, निधनाच्या जेमतेम वर्षभर आधी.

प्रत्येक वेतन आयोगाबरोबर दुसरी विषमता वाढत गेली. नव्याने निवृत्त होणाऱ्याला नव्या पगारावर पेन्शन मिळायचे, जुन्याचे मात्र जुन्या पगाराशीच बांधलेले राहायचे. म्हणजे जो जितका आधी लढला, त्याला तितके कमी. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या निकालात सांगितले, की निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनधारकांत भेद करता येत नाही. सैनिकांच्या आशा त्यामुळे वाढल्या. १९९१ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने, त्या निकालाचा अर्थ सर्वांना सारखीच रक्कम असा होत नाही, असे माजी सैनिकांच्या याचिकेवर स्पष्ट केले. सहाव्या वेतन आयोगानंतर काही हुद्द्यांत तर २००६ पूर्वी निवृत्त झालेल्या वरिष्ठाला नंतर निवृत्त झालेल्या कनिष्ठापेक्षा कमी मिळू लागले. २००८-०९ मध्ये माजी सैनिक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी आपली पदके राष्ट्रपतींकडे परत केली. ज्याने पदक मिळवले त्यालाच त्याचे मोल ठाऊक असते. ते परत करताना त्यांच्यावर काय वेळ आली असेल, याचा विचार त्या वेळी फार कोणी केला नाही.

खरा गुंता ‘वन रँक, वन पेन्शन’ म्हणजे नेमके काय, इथे आहे. डिसेंबर २०११ मध्ये संसदेच्या एका समितीने व्याख्या दिली. हुद्दा तोच आणि सेवेची वर्षे तितकीच, तर निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन सारखे. शिवाय पुढे जी वाढ होईल ती जुन्या पेन्शनधारकांना आपोआप मिळावी. यातला ‘आपोआप’ हा भाग सैनिकांच्या दृष्टीने जीव होता. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात मागणी मान्य झाली आणि ५०० कोटींची तरतूद झाली. रक्कम खर्चाच्या मानाने अगदीच तोकडी होती. सत्ता बदलली, नव्या अर्थसंकल्पात आणखी १,००० कोटी आले, पण आदेश निघेना. जंतरमंतर घडले ते त्यानंतर.

५ सप्टेंबर २०१५ रोजी घोषणा झाली, ७ नोव्हेंबरला आदेश निघाला. लाभ १ जुलै २०१४ पासून. २०१३ मध्ये त्या हुद्द्यावर आणि तितक्या सेवेनंतर निवृत्त झालेल्यांचे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पेन्शन घ्यायचे आणि त्याची सरासरी सर्वांना द्यायची. ज्याला आधीच जास्त मिळते त्याचे कमी करायचे नाही. वीस लाखांहून अधिक पेन्शनधारक आणि कुटुंबांना याचा लाभ झाला, १९८०च्या दशकात घरी आलेल्या हवालदाराच्या हाती पूर्वीपेक्षा बरीच रक्कम येऊ लागली. ते नाकारायचे कारण नाही. पण ‘आपोआप’च्या जागी ‘ठरावीक काळाने’ आले, आणि तो काळ पाच वर्षांचा धरला गेला. समजा एक हवालदार १९८५ ला निवृत्त झाला, दुसरा २०१३ ला आणि तिसरा २०१७ ला. तिघांचा हुद्दा एक, सेवा एक. पहिल्या दोघांची बरोबरी झाली, तिसरा मात्र पुढे गेला, आणि पुढच्या फेरआखणीपर्यंत पुढेच राहिला. दरवर्षी लाखो खाती नव्याने मांडणे अशक्य आहे आणि खर्च पेलणार नाही, ही सरकारची बाजू. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु नव्वदीकडे झुकलेल्या माणसाला पाच वर्षे थांब म्हणणे आणि पन्नाशीतल्या माणसाला थांब म्हणणे, यांत फार फरक आहे.

या धोरणाविरुद्ध माजी सैनिकांनी सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका १६ मार्च २०२२ रोजी निकाली निघाली. सरकारचे धोरण न्यायालयाने वैध ठरवले. मात्र जुलै २०१९ पासून देय असलेली फेरआखणी करून तीन महिन्यांत फरक द्यावा, असे बजावले. मुदत उलटली, पुन्हा वाढवून घेतली गेली. मंत्रिमंडळाची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली आणि जानेवारीत चार सहामाही हप्त्यांचे पत्रक निघाले. तोवर सुमारे चार लाख पेन्शनधारक वाट पाहत वारल्याचे याचिकाकर्त्यांनी न्यायालयात सांगितले.

२० मार्च २०२३ च्या आदेशात न्यायालयाने क्रम लावून दिला. कुटुंब निवृत्तिवेतनधारक आणि शौर्यपदक विजेते यांना ३० एप्रिलपर्यंत एकरकमी, सत्तरीपुढच्यांना ३० जूनपर्यंत, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन हप्त्यांत. वय हा निकष म्हणून इतक्या स्पष्टपणे मान्य झाला तो इथे. एकाहत्तरला विशीत असलेला शिपाई तेव्हा सत्तरी ओलांडून गेला होता.

तिसरी आखणी १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. दरवर्षी फेरआखणीची मागणी कायम आहे, आदेशानंतर स्वेच्छेने सेवा सोडणाऱ्यांना योजनेबाहेर ठेवण्याचा वादही मिटलेला नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत, सेतू केंद्रात, नाहीतर नातवाच्या मोबाइलपुढे बोट नाहीतर चेहरा टेकवणाऱ्या या लोकांत पासष्टचे सैनिक आता ऐंशीच्या पुढचे आहेत. पाच वर्षांच्या हिशेबाने पुढची आखणी १ जुलै २०२९ ला येते.